जुन्या संगणकावर आज्ञावली पोचविण्याचा प्रश्न : बीबीसी मायक्रोच्या आधारे विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

जुन्या लेखाचा अभ्यास करावयाचा तर दोन गोष्टींची आवश्यकता असते. लेख टिकून राहिलेला असला पाहिजे आणि तो वाचू शकणारा वाचक उपलब्ध असला पाहिजे. ताडपत्रावरील अथवा कागदावरील लेखाच्या बाबतीत दुसरी अट सहसा अडत नाही. लिपी विस्मृतीत गेली तरी पाहणारा डोळा प्रत्येक पिढीत नव्याने जन्मास येतो. संगणकाच्या माध्यमात साठविलेल्या लेखाची स्थिती निराळी आहे. तेथे वाचक म्हणजे एक विशिष्ट यंत्र असते. ते यंत्र काही वर्षे बाजारात असते, नंतर त्याचे उत्पादन थांबते, त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात, आणि चकतीवरील अक्षर शाबूत असूनही ते मुके होते.

या विषमतेचे एक उदाहरण सर्वविदित आहे. इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याच्या आज्ञेने इ. स. १०८६ मध्ये तयार झालेले ‘डोम्सडे बुक’ हे जमिनीचे व गावांचे दप्तर आजही वाचता येते. त्याच्या नऊशेव्या वर्षाचे निमित्त साधून बीबीसीने १९८६ मध्ये तशाच प्रकारचे एक नवे दप्तर सिद्ध केले. दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यासाठी माहिती व छायाचित्रे पुरविली. हे सर्व साहित्य लेसर तबकड्यांवर साठविण्यात आले, आणि ते पाहण्यासाठी बीबीसी मास्टर या संगणकाची व एका खास तबकडी-वाचकाची गरज होती. पंधरा-सोळा वर्षांतच ही यंत्रे दुर्मीळ झाली. २००२ मध्ये लीड्स व मिशिगन या विद्यापीठांच्या ‘कॅमिलिऑन’ प्रकल्पाने आधुनिक संगणकावर जुन्या यंत्राचे अनुकरण घडवून ते साहित्य पुन्हा दृग्गोचर केले. नऊ शतके टिकलेल्या ग्रंथाच्या प्रतिकृतीस दोन दशकेही निर्वेध लाभली नाहीत.

जुन्या यंत्रातील सामग्री बाहेर काढणे हा या प्रश्नाचा एक भाग झाला. त्याहून कमी चर्चिला गेलेला, परंतु क्रमाने आधी येणारा भाग उलट दिशेचा आहे. जुन्या यंत्राच्या फ्लॉप्या त्याच यंत्रावर वाचून त्यांची प्रत बाहेर पाठवावयाची, तर ती पाठवणारी आज्ञावली प्रथम त्या यंत्रात असावी लागते. ती आज उपलब्ध असते ती आधुनिक संगणकावर. म्हणजे बाहेरचा मार्ग उघडण्यापूर्वी आतला मार्ग सापडला पाहिजे. आणि येथेच एक अन्योन्याश्रय उभा राहतो : आज्ञावली स्वीकारण्यासाठी यंत्रास स्वीकारणारी आज्ञावली हवी, आणि ती तर अजून पोचावयाची आहे.

या अन्योन्याश्रयाचा परिहार कसा होतो आणि संक्रमणात मूळ पाठ शुद्ध कसा राखला जातो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात एका निश्चित यंत्राच्या आधारे करावयाचे आहे. संक्रमण, पाठशुद्धी, चिन्ह आणि संकेत हे भाषाभ्यासकाचे नित्य परिचयाचे विषय असल्यामुळे हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा म्हणून बाजूस सारता येत नाही.

२. यंत्राचा परिचय

केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी तयार केलेला बीबीसी मायक्रो हा संगणक १९८१ च्या अखेरीस बाजारात आला. त्याचा ६५०२ जातीचा प्रक्रियक सेकंदास वीस लक्ष स्पंदांच्या गतीने चालतो. ‘मॉडेल बी’ या प्रकारात ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट, इतकी स्मृती असते. भारताशीही या यंत्राचा प्रत्यक्ष संबंध आहे. १९८४–८५ मध्ये ‘क्लास’ या नावाने ओळखल्या गेलेल्या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात हेच यंत्र निवडण्यात आले होते, आणि येथील विद्यार्थ्यांच्या एका पिढीने संगणक प्रथम पाहिला तो या रूपात.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या यंत्राचे महत्त्वाचे वैशिष्ट्य असे की त्याची कार्यप्रणाली व बेसिक ही भाषा, प्रत्येकी १६ किलोबाइट, यंत्रातील रॉममध्ये कायमची कोरलेली आहे. वीज सुरू करताच यंत्र बेसिक जाणते. फ्लॉपी नसली, कॅसेट नसली, तरी कळफलकावरून टंकित केलेले वाक्य ते समजून घेते आणि अमलात आणते. वर सांगितलेला अन्योन्याश्रय येथेच सैल होतो. कारण पूर्ण अज्ञानी यंत्रास काहीही शिकविता येत नाही, परंतु ज्याला एक भाषा अवगत आहे त्याला त्या भाषेतून पुढचे सर्व सांगता येते. ज्या जुन्या यंत्रांत अशी उपजत भाषा नाही आणि जी सर्वस्वी फ्लॉपीवर अवलंबून आहेत, त्यांच्यासाठी योग्य घडणीची पहिली फ्लॉपी बाहेरूनच तयार करून द्यावी लागते. त्याचा विचार पुढे केला आहे.

चाळीस वर्षांचे यंत्र सुरू करण्यापूर्वी एक दक्षता आवश्यक असते. त्याच्या वीजपुरवठ्यातील गाळणीचे कपॅसिटर काळाने तडकतात व वीज देताच धूर सोडून निकामी होतात. ते आधी बदलून घेणे हीच रीत होय.

३. पहिला मार्ग : ध्वनी

या यंत्राचे मूळ संग्राहक साधन म्हणजे घरोघरी असलेला कॅसेट टेपरेकॉर्डर. आज्ञावलीतील प्रत्येक बिट ध्वनीत रूपांतरित होतो. शून्यासाठी १२०० हर्ट्झचे एक आवर्तन, आणि एकासाठी २४०० हर्ट्झची दोन आवर्तने. दोहोंस लागणारा काळ सारखाच असल्याने सेकंदास १२०० बिट जातात. प्रत्येक बाइटच्या आठ बिटांपूर्वी आरंभाचा एक बिट व शेवटी समाप्तीचा एक बिट असल्यामुळे एका बाइटला दहा बिट लागतात, आणि सेकंदास १२० बाइट हा कमाल वेग ठरतो. ध्वनिफीत सदोष असेल तर याच्या चतुर्थांश वेगाने, म्हणजे सेकंदास ३०० बिटांनीही, हा व्यवहार करता येतो.

यावरून असे दिसून येईल की यंत्राच्या दृष्टीने टेपरेकॉर्डर हा केवळ ध्वनीचा उगम आहे. तो ध्वनी चुंबकीय फितीतून येतो की आधुनिक संगणकाच्या हेडफोनच्या छिद्रातून येतो, हे जाणण्याचे कोणतेही साधन बीबीसी मायक्रोपाशी नाही. यास्तव आधुनिक संगणकावर आज्ञावलीचे ध्वनीत रूपांतर करावे, ती ध्वनिफाइल वाजवावी, आणि तार सात टाचण्यांच्या कॅसेट-खोबणीत जोडावी, एवढ्याने काम होते. जुन्या यंत्रावर कॅसेटची निवड करून लोड ही आज्ञा दिली की पडद्यावर फाइलचे नाव व एकामागून एक खंडांचे क्रमांक उमटू लागतात.

या मार्गात चुका होतात त्या बहुधा आधुनिक संगणकाच्या अतिशहाणपणामुळे. ध्वनिफाइल एमपी३ स्वरूपात साठविली तर मानवी कानास अनावश्यक वाटणारा अंश गाळला जातो. परंतु बीबीसी मायक्रोस कान नाहीत, तो लहरीचा काळ मोजतो, आणि गाळलेला अंश त्यास हवा असण्याचा संभव असतो. म्हणून असंकोचित ध्वनिफाइलच वापरावी. सेकंदास ४४,१०० नमुन्यांच्या नेहमीच्या ध्वनिफाइलमध्ये २४०० हर्ट्झच्या एका आवर्तनास सुमारे १८ नमुने मिळतात, आणि तेवढे पुरेसे असतात. आवाज ‘सुधारणाऱ्या’ सर्व सोयी बंद ठेवाव्यात, सूचनांचे घंटानाद बंद करावेत, आणि आवाजाची पातळी दोनतीन प्रयत्नांनी ठरवावी. ती फार मोठी असली तर लहरीचे माथे कापले जातात व फार लहान असली तर यंत्रास लहर दिसतच नाही.

एक खंड २५६ बाइटांचा असतो. त्यास, शीर्षकासह, सुमारे अडीच सेकंद लागतात. वीस किलोबाइटांच्या आज्ञावलीत असे ८० खंड होतात, म्हणजे तीन मिनिटांहून अधिक काळ ती ऐकवावी लागते. हा वेग आजच्या वाचकास हास्यास्पद वाटेल. परंतु या मार्गास जुन्या यंत्रावर एकही नवी आज्ञावली लागत नाही, हे त्याचे सामर्थ्य होय.

४. दुसरा मार्ग : श्रुतलेखन

बीबीसी मायक्रोच्या मागील बाजूस आरएस-४२३ या मानकाची सीरियल खोबणी आहे. तिच्या पाच टाचण्यांपैकी एक ग्रहणाची, एक प्रेषणाची, एक सामाईक शून्य विद्युत्दाबाची, आणि उरलेल्या दोन ‘थांबा’ व ‘चालू द्या’ हे सांगण्याच्या असतात. आधुनिक संगणकाकडे अशी खोबणी बहुधा नसते. म्हणून यूएसबीला जोडावयाचा आरएस-२३२ मानकाचा अनुकूलक वापरतात. बाहेरून सारखाच दिसणारा, परंतु ३.३ व्होल्टवर चालणारा अनुकूलक येथे उपयोगी नाही. एकाचे प्रेषण दुसऱ्याच्या ग्रहणास, याप्रमाणे तारांची अदलाबदल करावी लागते. खोबणीची रचना अशी आहे की जोडणी उलटी धरूनही आत जाते. पहिला प्रयत्न निष्फळ झाल्यास प्रथम संशय तिच्यावर घ्यावा.

तार जुळल्यावर जुन्या यंत्राच्या कळफलकावर दोन लहानशा आज्ञा टंकित करावयाच्या. ‘स्टार एफएक्स ७,७’ ही ग्रहणाचा वेग सेकंदास ९६०० बिट ठरवते. ‘स्टार एफएक्स २,१’ ही कळफलक बाजूस सारून सीरियल खोबणीतून येणारी अक्षरे हाच यंत्राचा आदान-मार्ग ठरवते. या क्षणापासून तारेवरून येणारे प्रत्येक अक्षर यंत्राच्या लेखी कोणीतरी टंकित केलेले अक्षर असते. आधुनिक संगणकाने बेसिकमधील आज्ञावली ओळ क्रमांकांसह पाठविली की यंत्र ती लिहून घेते.

हे एक श्रुतलेखन आहे. सांगणारा वेगाने सांगतो आणि लिहिणारा सावकाश लिहितो, ही श्रुतलेखनातील नेहमीची अडचण येथेही उपस्थित होते. सेकंदास ९६० अक्षरे येत असता बेसिकला प्रत्येक ओळ तपासून स्मृतीत योग्य जागी बसविण्यास काळ लागतो. मधल्या काळात अक्षरे २५६ बाइटांच्या एका राखीव जागेत साठतात. ती भरत आली की यंत्र ‘थांबा’ असा संकेत देते. परंतु यूएसबी अनुकूलकाची स्वतःची राखीव जागा असते, आणि काही अनुकूलक थांबण्याचा संकेत मिळाल्यावरही हाती असलेली अक्षरे सोडून देतात. परिणामी ओळीच्या मध्यातून दोनचार अक्षरे गळतात. प्रत्येक ओळीनंतर क्षणभर थांबावयाचे, हा यावरील साधा व खात्रीचा उपाय होय. तो चांगल्या शिक्षकास सांगावा लागत नाही.

अखेरच्या ओळीस विशेष महत्त्व आहे. कळफलक बंद असल्यामुळे तो परत चालू करण्याची आज्ञाही तारेवरूनच यावी लागते. म्हणून पाठविलेल्या मजकुराचे शेवटचे वाक्य ‘स्टार एफएक्स २,०’ असे ठेवतात. ते विसरल्यास ‘ब्रेक’ ही कळ दाबून यंत्र पूर्वस्थितीस आणता येते. आज्ञावली गेलीशी वाटते, परंतु ‘ओल्ड’ ही आज्ञा दिली की ती परत मिळते.

या रीतीने केवळ बेसिकचा मजकूर पाठविता येतो. यंत्रभाषेतील आज्ञावली कळफलकाच्या मार्गाने तशीच जाऊ शकत नाही, कारण तिच्यातील अनेक बाइट अक्षरे नसून त्यांचा अर्थ ‘पडदा पूस’, ‘ओळ संपली’ असा लावला जातो. म्हणून प्रत्येक बाइट सोळा-अंशी पद्धतीच्या दोन अक्षरांत लिहावा, आणि ती अक्षरे वाचून स्मृतीत बाइट ठेवणारी लहानशी बेसिक आज्ञावली आधी पाठवावी, असा क्रम आहे. २०,४८० बाइटांसाठी ४०,९६० अक्षरे पाठवावी लागतात. लांबी दुप्पट होते, पण मार्ग निर्वेध होतो. अशा प्रकारे प्रथम लहान आज्ञावली पोचते, ती मोठीस स्वीकारते, आणि मोठी आज्ञावली फ्लॉपी लिहिण्या-वाचण्याचे काम अंगावर घेते. एका पायरीवर उभे राहून पुढची पायरी रचावयाची, हाच या सर्व प्रक्रियेचा मर्मभाग होय.

५. पाठशुद्धीची परीक्षा

नैसर्गिक भाषेतील वाक्यात एखादे अक्षर गळाले तरी वाचक संदर्भाने ते भरून काढतो. यंत्रभाषेत ही सोय नाही. एका बिटाचा फरक झाला तर आज्ञावली त्या ठिकाणी पोचेपर्यंत व्यवस्थित चालते आणि नंतर अनर्थ करते. म्हणून पाठ पोचला एवढ्यावर समाधान मानता येत नाही. तो जसाच्या तसा पोचला हे सिद्ध करावे लागते.

याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे सर्व बाइटांची बेरीज करून ती दोन्ही टोकांस ताडून पाहणे. परंतु बेरजेत एक मूलभूत उणीव आहे. ‘कमल’ आणि ‘कलम’ या शब्दांतील वर्ण तेच आहेत. क्रम तेवढा भिन्न आहे. वर्णांची बेरीज दोहोंची एकच येणार. भाषाशास्त्रात ज्यास वर्णविपर्यय म्हणतात तो दोष बेरजेस कळत नाही. बीबीसी मायक्रोच्या कॅसेट-पद्धतीत म्हणूनच बेरजेऐवजी १६ बिटांचा चक्रीय शेष वापरला आहे. खंड ही एक प्रचंड संख्या मानून तिला एका ठरावीक विभाजकाने, विशिष्ट नियमांनुसार, भागतात व उरलेला शेष खंडासोबत पाठवितात. या गणितात प्रत्येक बिटाचे स्थानही हिशेबात येते. सलग १६ बिटांच्या आतील कोणताही बिघाड या परीक्षेतून सुटत नाही, आणि सर्वस्वी यादृच्छिक बिघाड सुटण्याची शक्यता ६५,५३६ त एक इतकी उरते. शेष जुळला नाही तर यंत्र ‘डेटा?’ असा, आणि खंडाचा क्रम चुकला तर ‘ब्लॉक?’ असा प्रश्न पडद्यावर उमटविते. फीत थोडी मागे घेऊन तो खंड पुन्हा ऐकविला की पुरते.

वेदपाठाच्या परंपरेचा अभ्यास केलेल्या वाचकास या युक्तीचे नवल वाटणार नाही. पदपाठात पदे सुटी केली. क्रमपाठात पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे अशा जोड्या म्हटल्या. जटापाठात तीच जोडी सरळ, उलट व पुन्हा सरळ म्हटली. घनपाठात ही गुंफण तीन पदांपर्यंत नेली. अर्थाच्या दृष्टीने या पुनरुक्तीने काहीही भर पडत नाही. तिचे प्रयोजन एकच, एखादे पद गळाले अथवा स्थानभ्रष्ट झाले तर ते तत्काळ उघडकीस यावे. मात्र दोहोंत एक भेद आहे. घनपाठात चूक कळते आणि बहुधा सुधारताही येते, कारण तेच पद अन्य ठिकाणी शुद्ध आलेले असते. चक्रीय शेषाने चूक आहे एवढेच कळते. सुधारणेसाठी मूळ प्रतीकडेच परत जावे लागते. यास्तव मूळ प्रत जपणे अपरिहार्य ठरते.

सीरियल मार्गाने पाठविलेल्या बेसिकच्या मजकुरास अशी कोणतीही परीक्षा आपोआप लागत नाही, ही गोष्ट विसरता कामा नये. तेथे शेष काढणारी आज्ञावली आपणच पाठवून दोन्ही टोकांचे उत्तर ताडून पाहावे लागते.

६. चिन्ह आणि संकेत

पाठ शुद्ध पोचला तरी तो तसाच वाचला जाईल असे नाही. बाइट ही केवळ ० ते २५५ यांमधील संख्या आहे. तिचा अर्थ संकेताने ठरतो. २४१ ही संख्या घेतली तर बीबीसी बेसिकच्या साठविलेल्या आज्ञावलीत तिचा अर्थ ‘प्रिंट’ हा संपूर्ण शब्द होतो, कारण जागा वाचविण्यासाठी बेसिक प्रत्येक आज्ञाशब्द एका बाइटात संक्षेपाने साठविते. पश्चिम युरोपीय भाषांच्या लॅटिन-१ या मानकात तीच संख्या स्पॅनिशमधील नागमोडी शिरोचिन्हाचे ‘एन’ अक्षर आहे. आणि भारतीय लिपींसाठी १९९१ मध्ये ठरलेल्या इस्की या मानकात ती देवनागरी ‘०’ हा अंक आहे. सोस्यूरने १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात चिन्ह व अर्थ यांच्या संबंधाची जी यादृच्छिकता सांगितली, तिचे याहून उघडे उदाहरण मिळणे कठीण.

व्यवहारात याचे परिणाम असे होतात. बीबीसी मायक्रोवर ओळीचा शेवट १३ या एका बाइटाने होतो; आधुनिक लिनक्सवर तो १० ने, आणि विंडोजवर १३ व १० या जोडीने होतो. रूपांतर न करता मजकूर पाठविला तर सर्व आज्ञावली एकाच अखंड ओळीत कोंबली जाते. ब्रिटिश पौंडाचे चिन्ह जुन्या यंत्रावर ९६ या संख्येने दर्शविले जाते. आधुनिक यूटीएफ-८ मध्ये त्यासाठी १९४ व १६३ असे दोन बाइट लागतात. आधुनिक लेखन-आज्ञावली सरळ अवतरणचिन्हांचे आपोआप वाकडी चिन्हे करतात, आणि बेसिकला ती अवतरणचिन्हे म्हणून कळत नाहीत. म्हणून असा मजकूर साध्या मजकुराच्या संपादकातच तयार करावा.

मराठीच्या अभ्यासकास याच जातीचा प्रश्न जुन्या पीसीच्या संदर्भात भेटतो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या जिस्ट कार्डावर चालणाऱ्या आज्ञावली इस्कीतील मजकूर अपेक्षितात. ‘मराठी’ हा शब्द इस्कीत ५ बाइटांत मावतो. यूटीएफ-८ मध्ये त्यास १५ बाइट लागतात. दोन्ही संकेत उच्चारक्रमानुसार असल्याने रूपांतर बहुतांशी सरळ होते. परंतु ‘वाऱ्यावर’ यातील रकाराचे विशिष्ट अर्धरूप युनिकोडमध्ये दोन भिन्न रीतींनी लिहिता येते, डोळ्यास दोन्ही सारखीच दिसतात, आणि रूपांतर करणारी आज्ञावली त्यांपैकी एकच ओळखत असेल तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले शब्द बिघडतात. शब्दसूची करणाऱ्यास ही चूक अक्षम्य होय.

७. अनुबंध

पाणिनीय धातुपाठात ‘डुकृञ्’ असा धातू पठित आहे. त्यातील ‘डु’ व ‘ञ्’ हे उच्चारात कधीच येत नाहीत. धातू परस्मैपदी चालावयाचा की आत्मनेपदी, त्यास कोणता प्रत्यय लागावयाचा, ही माहिती देऊन ते लुप्त होतात. बीबीसी मायक्रोच्या फाइलींसही असे अनुबंध असतात. प्रत्येक फाइलीसोबत दोन संख्या नोंदविलेल्या असतात. एक, ती स्मृतीत कोठे ठेवावयाची; दुसरी, तिची अंमलबजावणी कोठून सुरू करावयाची. आधुनिक संगणकाच्या फाइलींत या संख्यांस जागाच नाही. प्रत करताना त्या गळाल्या तर मजकूर सर्वथा शुद्ध असूनही आज्ञावली निरुपयोगी होते. म्हणून जाणकार संग्राहक प्रत्येक फाइलीजवळ एक लहान माहिती-फाइल ठेवतात व तीत या संख्या लिहितात.

स्थानाचा हा प्रश्न आणखी एका प्रकारे अडतो. कॅसेटवर चालणाऱ्या यंत्रात बेसिक आज्ञावली ३,५८४ या स्थानापासून सुरू होते. फ्लॉपीची सोय बसविली की तिच्या कामासाठी २,८१६ बाइट राखले जातात व आरंभ ६,४०० या स्थानी सरकतो. सर्वांत सूक्ष्म चित्रांच्या पद्धतीत पडद्यासाठी १२,२८८ पासून पुढची जागा लागते. म्हणजे कॅसेटवर ८,७०४ बाइट मोकळे, तर फ्लॉपीवर अवघे ५,८८८. कॅसेटसाठी लिहिलेली आज्ञावली फ्लॉपीवरून चालत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. तिला आत घेतल्यावर खालच्या स्थानी सरकविणारा एक छोटा भाग जोडावा लागतो.

अशी जोड दिली की मूळ पाठ बदलतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने जी शिस्त घालून दिली ती येथेही लागू पडते. मूळ प्रत अबाधित ठेवावी, फेरफार स्वतंत्र प्रतीत करावा, आणि काय बदलले व का बदलले याची नोंद पाठभेदाप्रमाणे सोबत ठेवावी. चालू व्हावी म्हणून दुरुस्त केलेली आज्ञावली मूळ म्हणून संग्रहात गेली, तर पुढील अभ्यासकाची दिशाभूल अटळ आहे.

८. तिसरा मार्ग : फ्लॉपी

आधुनिक संगणकावरच फ्लॉपी लिहून ती जुन्या यंत्रास द्यावी, हा उपाय प्रथमदर्शनी सर्वांत स्वाभाविक वाटतो. प्रत्यक्षात तो सर्वांत बिकट आहे. यूएसबीवरील फ्लॉपी-साधने साडेतीन इंची चकत्यांच्या पीसीच्या ठरावीक घडणीच जाणतात. बीबीसी मायक्रोची आरंभीची पद्धत एकेरी घनतेची आहे. ४० मार्ग, प्रत्येकावर २५६ बाइटांचे १० विभाग, मिळून १,०२,४०० बाइट. ही घडण लिहिणे अनेक पीसींच्या नियंत्रकांसही साधत नाही.

सव्वापाच इंची चकत्यांत आणखी एक अडचण आहे. ३६० किलोबाइटांच्या पीसी-फ्लॉपीवर ४० मार्ग असतात; १.२ मेगाबाइटांच्या साधनावर तेवढ्याच रुंदीत ८० मार्ग असल्याने त्याचे लेखन-शीर्ष सुमारे निम्म्या रुंदीचे असते. जुन्या रुंद मार्गावर अरुंद शीर्षाने लिहिले तर कडांना पूर्वीचे लेखन शिल्लक राहते, आणि रुंद शीर्षाचे जुने साधन दोन्ही लेखने एकदम वाचू पाहते. खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रासारखी ही स्थिती होय. अशा वेळी चुंबकाने संपूर्ण पुसलेली अथवा अगदी कोरी चकतीच वापरावी लागते.

अलीकडे या अडचणींवर दोन उपाय निघाले आहेत. ग्रीझवीझलसारखी साधने चकतीची घडण न पाहता चुंबकीय बदलांमधील कालांतरेच नोंदवितात व पुन्हा लिहितात. त्यामुळे यंत्रविशिष्ट घडणीचा अडसर बहुतांशी दूर होतो. गोटेकसारखी साधने यूएसबी स्मृतीतील फाइल जुन्या यंत्रास फ्लॉपी म्हणून भासवितात. ज्या यंत्रांत उपजत भाषा नाही त्यांच्यासाठी हेच मार्ग उपयोगी आहेत.

९. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, संक्रमणाचा आरंभ नेहमी ग्राहकाच्या ठायी आधीपासून असलेल्या क्षमतेतून होतो. बीबीसी मायक्रोच्या बाबतीत ती क्षमता म्हणजे ध्वनी ऐकणे आणि बेसिक समजणे. दुसरी, पाठाचे पोचणे आणि पाठाची शुद्धता या दोन स्वतंत्र गोष्टी असून दुसरीची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. तिसरी, मजकुरासोबत त्याचा संकेत व त्याचे अनुबंध गेले नाहीत तर शुद्ध पाठही अर्थहीन होतो.

यंत्राचे अनुकरण करणाऱ्या आधुनिक आज्ञावली आज उत्तम प्रतीच्या आहेत, आणि नित्याच्या वाचनासाठी त्याच सोयीच्या ठरतात. परंतु अनुकरण कितपत यथार्थ आहे हे ठरविण्यास मूळ यंत्र चालते असावे लागते. आणि ज्या फ्लॉप्यांची प्रत अद्याप निघालेली नाही त्यांचे वाचन अनुकरणाने होत नाही. १९८० व १९९० च्या दशकांत विद्यापीठीय विभागांतून संगणकावर ज्या शब्दसूची, बोलींच्या नोंदी व प्रबंधांचे मसुदे लिहिले गेले, त्यांपैकी जे फक्त चकत्यांवर उरले असतील त्यांचे चुंबकत्व प्रतिवर्षी क्षीण होत आहे. जुने यंत्र अडगळीत टाकण्यापूर्वी त्याच्या मागची सीरियल खोबणी चालते की नाही एवढे पाहावे. पहिली आज्ञावली आत गेली, की त्याच मार्गाने चाळीस वर्षांपूर्वीचे अक्षर बाहेर येऊ शकते.